बाबूभाईच्या बरणीतल्या कॅप्सुला

कुरखेडा, फेब्रुवारी २००३

प्रिय बाबूभाई,

दाढ ठणकत असताना ‘काही नाई, थंडीचं आहे’ म्हणणाऱ्या तमाम बांधवांनो! आपली तक्रार एकच आहे: गोळी घेतली की दाढ गप्प, गोळी संपली की पुन्हा बोंब. काय करू, सभेची सवय आहे. समोर एकटा तू असलास तरी मला मैदान दिसतं.

नागभीडच्या तुझ्या बांगड्यांच्या दुकानातली ती काचेची बरणी! घरात कुणाच्याही उरलेल्या कॅप्सुला तिच्यात जायच्या आणि बाजाराच्या दिवशी ज्याचा गाल सुजलेला, त्याला तू फुकट वाटायचास. “एक गिळ, एक फोडून दाढेत भर.” मलाही दिल्यास. दुखणं थांबलं, मी तुझा जयजयकार केला. पुढं तेंदूपत्ता मजुरांच्या सभेत उभा राहिलो, तर माइकपाशी माझ्या आधी माझा गाल पोचला. “बांध...” एवढंच निघालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या मजूर सुगंधाबाई म्हणाल्या, “भाऊ, तुमचं भाषण आज पहिल्यांदा पुरं ऐकलं.”

मग ब्रह्मपुरीला तुझ्या आफ्रीनच्या दातांच्या दवाखान्यात गेलो. पोरगी तुझी, धाक मात्र आईचा, अख्तरीभाभीचा. तिनं दाढेचं मूळ उघडलं, पू काढला, थोडा नागपूरला तपासायला पाठवला. ऐकीव गोष्टीवर माझा विश्वास नाही, म्हणून मी स्वतः नागपूर गाठलं. एका बशीत माझ्या दाढेचे जंतू वाढवलेले होते आणि त्यांच्यात वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवल्या होत्या. ज्या औषधाला जंतू भितात, त्या टिकलीभोवती मोकळं रिंगण. तुझ्या लाल-काळ्या कॅप्सुलांमधल्या औषधाच्या टिकलीला मात्र ते पंगतीला बसल्यासारखे खेटून बसले होते! आफ्रीन म्हणाली, “काका, अर्धवट औषधानं लेचेपेचे मरतात, चिवट उरतात. अन् मेलेल्या मुळात रक्तच जात नाई, तर औषध कुठून जाईल? मूळ उघडून साफच करावं लागते.” बाबूभाई, इतक्या चळवळी केल्या, पण शत्रूला आपणच तालीम देतो हे मला त्या बशीनं शिकवलं.

आता तुझीच दाढ सुजली, तरी तू आफ्रीनकडे जात नाहीस. तुझी सबब मला ठाऊक आहे. “जिले नाक दाबून काढा पाजला, त्या पोरीसमोर मी आ करू?” कर! ती जन्मली तेव्हा तू साऱ्या नागभीडसमोर आ वासून नाचला होतास.

फोन केला तर तू ‘आवाज येऊन नाई राह्यला’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. काल आफ्रीनचा फोन आला होता. तुझी सूज जबड्याखाली उतरली, ताप आहे, घोट गिळवत नाही, तरी तू कॅप्सुला बदलून बदलून खातोस. “काका, सूज अजून खाली गेली तर अब्बाचा श्वास अडकेल. ते माझं ऐकतच नाई,” म्हणाली. एवढ्या पोरांचे दात काढणारी डॉक्टर, फोनवर लेकरासारखी रडली. माझंही अवसान तिथंच संपलं. हे पत्र घेऊन आलेला पत्रू आमच्या गावचा जीपवाला आहे. जीप तुझ्या दारात उभी आहे, आफ्रीन दवाखान्यात थांबली आहे. वाद नंतर घालू. आत्ता चपला घाल आणि जीपमध्ये बस.

तुझाच, तुझ्यावाचून भांडायला दुसरा कुणी नसलेला,
बापू