रिकाम्या टेबलाचा उजवा कोपरा

सोमवार

१. व्यसनमुक्ती केंद्रात रुजू झाले.
२. खोली मिळाली. खिडकीबाहेर बाग.
३. यंत्र पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

एकंदरीत छान. काम सरळ आहे. पेशंटला पडद्यावर चित्रं दाखवायची: बाटली, ग्लास, खुर्ची, रिकामं टेबल. नजर कुठे अडकते ते कॅमेरा लाल ठिपक्याने दाखवतो. नुसती बाटली दिसली तरी तलफ उठते. कुणाची किती, ते डॉक्टरबाईंना हवं असतं. रोज आधी मी स्वतः खुर्चीत बसून ठिपका जुळवायचा.

मंगळवार

पहिले पेशंट ड्रायव्हरकाका आले. शुक्रवारी त्यांची मुलगी न्यायला येणार. आता त्यांनी एक घोट घेतला तरी यकृत गेलंच म्हणून समज, असं बाईंनी तिला स्पष्ट सांगितलंय. काकांनी बाटलीवरून नजर शहाण्यासारखी काढून घेतली. ठिपका अडकला तो रिकाम्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात. कारण विचारलं तर हसले. म्हणाले, ताई, रिकामं म्हणता आणि ग्लास ठेवता, म्हाताऱ्याची फिरकी घेता होय?

बुधवार

इतर पेशंटचे ठिपकेही तिथेच. कॅमेरा बदलला. तोच कोपरा. चित्र मोठं करून पाहिलं. लाकूड, बाकी काही नाही. काका म्हणाले, काल अर्धा होता, आज काठोकाठ आहे. आज हसले नाहीत.

गुरुवार, सकाळ

ते चित्र काढून टाकलं. कोरा पडदा लावला. काकांची नजर तिथेच. मग हळूहळू खाली उतरली, पडद्याबाहेर, माझ्या टेबलावर. उजवा कोपरा. त्यांनी हात पुढे केला. बोटं गोल वळली. हात ओठांपाशी गेला, गळा हलला. मला वाटलं सवय.

मग त्यांच्या श्वासाला दारूचा वास आला.

बाईंनी खोली, खिसे, सगळं तपासलं. बाटली नाही. माझ्याकडेच संशयाने पाहिलं.

दुपार

ठिपका जुळवायला बसले. मी आयुष्यात थेंबही घेतलेला नाही. ठिपका उजव्या कोपऱ्यात. मी तिकडे बघत नव्हते. निदान मला तसं —

संध्याकाळ

टेबलावर ओलं वर्तुळ. ग्लासाच्या बुडाएवढं. पुसलं. परत —

बाईंना चिठ्ठी, आधी इथे लिहून बघते:

काकांना घरी पाठवू नका. तिथेही टेबल असेल. मुलगी येण्याआधी, शुक्रवारी सकाळी, मला उत्तर द्या. अक्षर वाकडं आहे, माफ करा. डाव्या हाताने लिहितेय. उजव्या हातात —