पिवळ्या घरासमोरचा वारा

४ ऑक्टोबर, शनिवार

विदरबीला पोहोचले. वस्ती तीन हजार, त्यात अकराशे विद्यार्थी. चारही बाजूंनी डोंगर. घर पिवळं, दुमजली, सध्या भाड्याने. पसंत पडलं तर मे महिन्यात विकत घ्यायचं, असं मालकाशी लेखी ठरलं आहे.

बहिणीशी, म्हणजे डार्लीनशी, तोंडी ठरलं आहे ते असं. गावातल्या तळ्यावरचा बर्फ वसंतात फुटेपर्यंत मी कुणाच्याही मदतीशिवाय राहिले, तर घर घ्यायचं. एकदा जरी मदत घेतली, तर बर्फ कधी न पडणाऱ्या टॅम्पाला परत, तिच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, तिच्या पोपटाशेजारी. पोपट शिव्या देतो. डार्लीन म्हणाली, ताई, जानेवारीत येशीलच तू, मी चादरी धुऊन ठेवते. मी म्हटलं, एकतीस वर्षं उपमुख्याध्यापिका होते, एका वेळी आठशे मुलं सांभाळली. बर्फाचं काय, तो खाली पडतो आणि गप्प बसतो.

संकल्प: रोज पाचला उठणे. बर्फ पडला की सातच्या आत दारापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करणे. कॉलेजातल्या व्याख्यानांना बसणे (पासष्टच्या वरच्यांना फी नाही) आणि तिथली पातळी उंचावणे. तक्रार न करणे.

५ ऑक्टोबर

आठला उठले. प्रवासाचा शीण. गादी वाईट, पाव कडक, चर्चची घंटा चार मिनिटं मागे. कळवलं.

११ ऑक्टोबर

गावात दुकान एकच, मर्ल प्रॅटचं. दूध, खिळे, मासे धरायचे गळ, लाकूड, सगळं तिथेच. घर तापवायला दोन ट्रक ओकचं लाकूड मागवलं. मर्ल म्हणाला, टीचर, हे झाड आत्ता पडलंय, ओलं आहे, पुढच्या हिवाळ्यात जळेल. इथे आम्ही लाकूड मार्चातच भरून ठेवतो. मी म्हटलं, मी रसायनशास्त्र शिकवलं आहे. वाळणं हा रचनेचा प्रश्न आहे. ओंडके तीस अंशांत रचले की वारा आरपार जातो. तो म्हणाला, असेल.

इथले लोक ‘असेल’ फार म्हणतात. शब्दसंग्रह तोकडा.

१३ ऑक्टोबर

ढीग रचून झाला. शेजारची अल्मा थिबोडो बघायला आली. वय एक्याऐंशी, अंगाने मुठीएवढी, नवऱ्याची टोपी घालते. तिने ढिगाला एक फेरी मारली आणि विचारलं, पडला तर कुणाच्या बाजूला पडायचा ते ठरवलंयस का ग? मी म्हटलं, मिसेस थिबोडो, हा पडणार नाही.

१४ ऑक्टोबर

ढीग पडला. तिच्या बाजूला. जमिनीचा दोष.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहिला बर्फ, सात इंच. गजर पाचला झाला. काल वाचन लांबल्याने साडेसातला उठले. नवं फावडं घेऊन बाहेर आले तर वाट स्वच्छ. पायऱ्यासुद्धा. दोन्हीकडच्या घरांसमोर मात्र बर्फ तसाच.

थोडा विचार केल्यावर कारण सापडलं. माझ्या घराचा कोपरा वायव्येला आहे. वारा तिथे आपटतो, वळतो, आणि वाटेवरचा बर्फ उडवून नेतो. घर निवडताना मला हे आतून जाणवलं असणार.

अल्मा तेव्हा तिच्या दारात फावड्यावर रेलून उभी होती, गाल लाल, धाप लागलेली. एवढ्या वयात स्वतःची वाटही तिला साफ करता आली नव्हती. वाईट वाटलं. तिला वाऱ्याचं सांगितलं. ती म्हणाली, असेल.

नवा संकल्प: अल्मावर लक्ष ठेवणे.

११ नोव्हेंबर

पुन्हा पाच इंच. पुन्हा वाऱ्याने काम केलं. सव्वाआठला उठले, कारण उठून करायचं काय?

३ डिसेंबर, बुधवार

गेले पंधरा दिवस लाकूड नुसतं धुमसत होतं. घरभर धूर, मोजे घालूनही बोटं बधिर. डार्लीनला फोनवर सांगितलं की घर उबदार आहे. पलीकडून पोपटाने काहीतरी म्हटलं.

आज अचानक लाकूड सुरेख पेटलं. तीस अंशांच्या रचनेला वेळ लागतो, एवढंच. आणखी एक निरीक्षण: ढिगाच्या या टोकाच्या ओंडक्यांची साल पांढरी पडली आहे, कागदासारखी सुटते. ओकची साल करडी असते. थंडीचा परिणाम.

कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या तासाला प्राध्यापक इव्हर्सनना सगळ्यांसमोर विचारलं, थंडीने ओक पांढरा पडतो का? ते माझ्या समोरच्याच घरात राहतात. त्यांनी छताकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाले, आपल्या गल्लीत पडतो कधीकधी. विद्वान माणूस आहे. फळ्यावरचं अक्षर मात्र वाईट, ते मी तासानंतर सांगितलं.

१३ डिसेंबर

मर्लच्या दुकानात गर्दी. दरवर्षी इथे गोठलेल्या तळ्याच्या मधोमध एक जुनी लोखंडी शेगडी नेऊन ठेवतात, तारेने बांधून. वसंतात बर्फ फुटला की ती बुडते. कधी बुडेल त्याची तारीख प्रत्येकाने फळ्यावर लिहायची. डार्लीनशी केलेल्या कराराची मुदतही तीच. मी तापमानाचा आलेख मांडून २ मार्च लिहिलं. अल्माने २१ एप्रिल लिहिलं. मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, गुडघ्यावरून.

फळ्याखाली एक कागद टाचलेला दिसला. वर मथळा ‘पिवळं घर’. खाली वार आणि नावं. सोमवार अल्मा, मंगळवार मर्ल, बुधवार अल्मा, गुरुवार इव्हर्सन, शुक्रवार ते रविवार पुन्हा अल्मा. कडेला ‘लाकूड: मर्ल’, ‘छप्पर: इव्हर्सन’.

मला भरून आलं. माझ्याकडे शिकायला यायचे वार त्यांनी आपसांत वाटून घेतले आहेत, विषयांसकट. अल्माला पाच दिवस लागणार, हे ओघानेच आलं. मी मर्लला म्हटलं, कागद पाहिला बरं का, माझी काही हरकत नाही. त्याच्या हातातली अंडी खाली पडली. तो म्हणाला, हरकत नाही? मी म्हटलं, उलट आनंद आहे. तो म्हणाला, मग बरं झालं, टीचर, आम्हांला वाटत होतं तुम्ही चिडाल.

१९ डिसेंबर

सबंध आठवडा चारला चहा आणि आल्याची बिस्किटं मांडून बसले. कुणी आलं नाही. लाजाळू लोक. बिस्किटं संपवली.

१५ जानेवारी, गुरुवार

उणे बावीस. सकाळी नळाला पाणी नाही. अशा थंडीत नळ बारीक चालू ठेवून झोपावं, असं मर्ल म्हणाला होता. मी पाणी वाया घालवत नाही.

नऊला अल्मा आली. म्हणाली, माझं मांजर तुझ्या तळघरात शिरलंय वाटतं. हातात केस वाळवायचं यंत्र होतं. म्हातारपणी माणसं कशालाही धरून राहतात, म्हणून मी विचारलं नाही. खाली ती चाळीस मिनिटं मांजराला हाका मारत होती, मध्ये मध्ये यंत्राचा आवाज. वर आली तेव्हा गुडघ्यांना माती. मांजर सापडलं नाही म्हणाली. त्याच सुमारास नळ आपोआप सुरू झाला. पाण्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

अल्माकडे मांजर नाही हे मला संध्याकाळी आठवलं. बिचारी.

१६ जानेवारी

डार्लीनला कळवलं: जानेवारी अर्धा संपला, कुणाकडे साधा चमचा मागितला नाही. अल्माच्या डोक्यावर परिणाम झाला आहे हेही सांगितलं. डार्लीन बराच वेळ खोकत होती.

२८ फेब्रुवारी, शनिवार

वाचनालयात माझं व्याख्यान. विषय: ‘एकटीने हिवाळा: एक शिस्तबद्ध पद्धत’. मीच सुचवला होता. एकतीस श्रोते, शिवाय आमच्याकडच्या उकडलेल्या शेंगदाण्यांऐवजी मेपलचा पाक लावलेले डोनट, हे इथले लोक व्याख्यानातही खातात.

नमुना म्हणून फावडं नेलं होतं. सुरू करण्याआधी अल्मा पुढे आली आणि दांड्यावरची किमतीची चिठ्ठी हळूच सोलून खिशात घातली. टापटीप आवडते तिला.

वायव्येचा कोपरा, तीस अंश, स्वावलंबन, सगळे मुद्दे घेतले. बाहेर जोरात बर्फ सुरू झाला होता. मध्यावर मर्ल उठून गेला. मग इव्हर्सन. मग अल्मा. बसण्याची सवय नाही. उरलेल्यांनी टाळ्या मनापासून वाजवल्या, एकाने डोळे पुसले.

घरी आले तर गावात दहा इंच बर्फ, माझी वाट कोरडी. तिघेही माझ्या दारातच भेटले, आपापली फावडी घेऊन, अंगावर बर्फ. सांगितलं की पुढचा भाग चुकला तुमचा, महत्त्वाचा होता. मर्ल म्हणाला, टीचर, आम्ही प्रात्यक्षिक करत होतो.

२ मार्च

शेगडी बुडली नाही. तळ्याची चूक.

८ एप्रिल, बुधवार

सकाळी आठ. वारा पडला आहे.

चौदा इंच बर्फ, आणि वाटेवर सगळाच्या सगळा. फावडं काढलं. वीस मिनिटांत दोन फुटांचा चौकोन झाला. मग छातीत धडधडायला लागलं म्हणून पायरीवर बसले. पायरी दिसत नव्हती, अंदाजाने बसले. अंदाज चुकला. कमरेपर्यंत आत गेले आणि हात टेकायला घट्ट असं काही सापडेना.

समोरून प्राध्यापक इव्हर्सन धावत आले, पायजमा आणि बूट, हातात फावडं. ओरडत होते, माफ करा, माफ करा, अल्माची कंबर धरली आहे, बाईने कुणाला सांगितलंच नाही, आज तिचा बुधवार होता ना.

मी खड्ड्यातून विचारलं, तिचा बुधवार म्हणजे?

ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. बर्फात त्यांचे बूट दिसत नव्हते.

त्याच दिवशी, दुपारी

दुसऱ्यांदा लिहायला बसले.

सोमवार अल्मा. मंगळवार मर्ल. लाकूड मर्ल, म्हणजे त्याच्या कोठारातलं पांढऱ्या सालीचं वाळलेलं बर्च, आठवड्याला एक गाडी. छप्पर इव्हर्सन. नळ अल्मा.

बर्फाचे नव्वद दिवस. त्यातले साठएक एकट्या अल्माचे.

९ एप्रिल

तिच्याकडे गेले. पलंगावर पडून होती, डोक्यावर टोपी. कडक आवाजात विचारलं, मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आणि मग फेब्रुवारीत तुला उकरून काढायला आम्हांलाच यावं लागलं असतं. ते जास्त काम.

मी म्हटलं, पण मी दुकानात हरकत नाही म्हटलं होतं. ती म्हणाली, हो, मर्ल दोन दिवस गावभर सांगत होता, बाई मोठ्या मनाची आहे. मग तू भाषण ठेवलंस. तेव्हा माझी शंका खरी ठरली, तुला कळलंच नाहीये.

मग म्हणाली, पहिला हिवाळा कुणालाच एकट्याने काढता येत नाही, लोर्ना. मी इथे आले तेव्हा पलीकडचा म्हातारा माझ्या वाटेवरचा बर्फ काढायचा. मला वाटायचं माझा नवरा काढतो. नवऱ्याला वाटायचं मी काढते. त्या एका वर्षी आम्ही एकमेकांशी फार चांगले वागलो.

माझ्यासाठीच का, असं विचारल्यावर ती भिंतीकडे वळली. त्या पिवळ्या घरातून सहा वर्षांत पाच भाडेकरू नाताळाच्या आत पळाले. खिडकीतून समोर अंधार बघायचा कंटाळा आला होता, म्हणाली. तुझा दिवा सकाळी आठपर्यंत चालूच असतो. झोपतेस दिवा न मालवता. बरं वाटतं.

तिला सूप करून दिलं. खारट झालं. सगळं प्यायली.

२१ एप्रिल, मंगळवार

शेगडी बुडली, दुपारी दोन दहा. अल्माचा गुडघा बरोबर निघाला.

करार म्हणजे करार. डार्लीनला फोन करून सरळ सांगितलं: मदत घेतली, एकदा नव्हे, नव्वद वेळा. हरले. शुक्रवारी निघते, खोली तयार ठेव.

डार्लीन म्हणाली, मला नोव्हेंबरपासून माहीत आहे ग. त्या अल्माबाईंचा फोन आला होता, तुझं हृदय कसं आहे विचारायला. आणि खोली कुठली? मी ती ऑक्टोबरातच पोपटाला दिली. तुला सामान भरताना पाहिलं तेव्हाच कळलं, तू काही परत येत नाहीस.

मी म्हटलं, मग चादरी? ती म्हणाली, त्याच पिंजऱ्यावर टाकते.

घर घ्यायचं ठरलं. मला दुसरी जागाच नाही, हे मालकाला सांगितलं नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

वळणावरच्या हिरव्या घरात नवा माणूस आला आहे. निवृत्त न्यायाधीश, अ‍ॅरिझोनाचे. ऑक्टोबरात ओलं लाकूड घेतलं. मर्लने समजावलं तर म्हणाले, उन्हाबद्दल मला शिकवू नका. किती हट्टी असावं माणसाने.

दुकानात नवा कागद लागला आहे. ‘हिरवं घर’. मी मर्लला म्हटलं, माझं नाव घाल. बुधवार दे, अल्माचा. ती आता ब्याऐंशीची आहे, तिला विश्रांती हवी. मर्ल म्हणाला, असेल. पेन्सिल काढली आणि लिहिलं.

संकल्प: उद्या पाचला उठणे. गजर दोन लावले आहेत. एक बादलीत.

१८ नोव्हेंबर, बुधवार

रात्रभरात नऊ इंच.

पावणेआठला उठले. बादलीमुळे गजर घुमतो, नीट ऐकू येत नाही. धावत हिरव्या घरी गेले. वाट स्वच्छ. न्यायाधीश दारात कॉफी घेऊन उभे होते. मला म्हणाले, बघितलंत, बाई? माझ्या दारात बर्फ टिकतच नाही. उताराचा परिणाम आहे.

मी म्हटलं, असेल.

येताना दुकानात जाऊन कागद नीट पाहिला. बुधवारसमोर माझं नाव आहे, मर्लच्या अक्षरात. त्याच्यापुढे कंसात, बारीक: ‘साडेपाचला अल्मा जाऊन येईल’.

आणि खाली, वेगळ्या ओळीत: ‘पिवळं घर, गेल्या वर्षीप्रमाणेच’.