डाव्या हाताची कात्री

ता. ९, सोमवार

भिंगरे,

आजीचा आशीर्वाद घे आणि अक्षर लावून लावून वाच. चौथी सुटल्यावर मी हातात धरली ती कात्री, पेन नव्हे. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या बापाचं पोट वाढतंय, अक्कल होती तिथेच आहे. शेजारची शिंपीण रोज विचारते, "नातीचं पत्र आलं का गं?" मी सांगते, आलं की दवंडी पिटते, तू जा.

आलं तुझं पत्र. पास झालीस, केस कापायचं लायसन मिळालं, त्या मोठ्या दुकानात आरशाशेजारी फोटोसकट लावलं, सगळं वाचलं. छान झालं. आरशात तुझं तोंड दिसतच असताना शेजारी पुन्हा फोटो कशाला, ते मात्र मला कळलं नाही.

पण पहिल्या वेळी नापास झालीस त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडलंस. "आजी, तू मला डाव्या हाताने शिकवलंस, आणि तिथे सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या." अगं, मी डावखुरी. आपल्या दुकानात कात्री एकच, तीही डाव्या हाताची. तू जेवतेस उजव्याने, लिहितेस उजव्याने, कात्री तेवढी डाव्यात धरायचीस. मला कधी खटकलंच नाही. उलट वाटायचं, पोरगी माझ्यावर गेली. आता तिथल्या लोकांनी तुझा हात सुलटा केला. बरं झालं.

इकडची बातमी म्हणजे लायसन आता इथेही सक्तीचं झालंय. नसेल तर गिऱ्हाईक खुर्चीत बसवायचं नाही. मी दुकानाचं दार ओढून घेतलं. शिंपीण म्हणाली, "उद्या सुई ओवायलासुद्धा लायसन मागतील, बघ." मी म्हटलं, "तुझ्याकडे तर कालच मागायला हवं होतं. ही माझी बाही बघ, एक वर एक खाली."

जुन्या माणसांना लेखी परीक्षा माफ आहे म्हणे, नुसतं काम करून दाखवायचं. मी गेले नाही. या वयात मी कुणाला कशाला काम करून दाखवू?

डोळे चुरचुरतात. उरलेलं उद्या.

मंगळवार

काल शेवटी लिहिलं ते खोटं आहे. खोडत नाही, कागद शिंपिणीच्या शिवणासारखा दिसेल.

मी गेले होते. ज्याचे केस कापायचे ते डोकं आपणच आणायचं असा तिथला नियम, म्हणून शिंपिणीला घेऊन गेले. माझी कात्री चालेल का विचारलं, तर परीक्षा घेणारी बाई म्हणाली, "चालेल की आजी." तू विचारलंच नसशील. घरात तेवढी जीभ चालते, बाहेर गेली की मुकी.

सगळं नीट चाललं होतं. मानेवर आले, कानामागची रेघ काढायला कात्री टेकवली आणि हात थरथरला. थांबले. पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. एरवी सुई टोचली तर गल्ली डोक्यावर घेणारी शिंपीण दगडासारखी बसून राहिली. त्या बाईने माझ्या बोटांतून कात्री हळूच सोडवली, मिटली, आणि परत माझ्याच हातात ठेवली. "बसा जरा, आजी," म्हणाली. ओरडली असती तर चार शब्द सुनावले असते. पण तिचं बरोबर होतं. त्या खुर्चीत तू असतीस, तर मीही दुसऱ्याच्या हातातली कात्री अशीच काढून घेतली असती.

परत येताना शिंपीण म्हणाली, "तिथे गारठाच फार होता बाई." मी म्हटलं, "म्हणून तुला घाम फुटला होता होय?"

ही थरथर त्या दिवशीची नव्हे. तू इथे होतीस तेव्हाही होती. "आजी, मानेचं मी करते, तू बस," असं म्हणून तू मध्येच कात्री घ्यायचीस. मला वाटायचं, पोरीला हौस आहे. तू ओळखलं होतंस ना? आणि तोंडाने कधी बोलली नाहीस. एवढी शहाणी तू कुणावर गेलीस कोण जाणे. बापावर तर नक्की नाही.

बायका दारावर येतात. मी सांगते, सुट्टी आहे. किती दिवस, ते सांगत नाही. मलाच ठाऊक नाही.

तू ये, असं मी म्हणत नाही. तिथे तुझा जम बसलाय, बसू दे. माझे केस मात्र तू गेल्यापासून वाढतायत. पुढचे मी आरशात बघून कापते. मागचे कुणालाच आपले आपण कापता येत नाहीत, लायसन असो की नसो. खांद्याखाली उतरलेत. शिंपीण म्हणते, मी कापते. तिच्या हातून बाही बिघडली तेवढी पुरे.

कात्रीला धार लावून आणलीय. धारवाला म्हणाला, "आजी, आता ही कोण वापरणार?" मी म्हटलं, "तू धार लाव, चौकशा नकोत." उजव्या हातात धरली की ती केस कापत नाही, नुसते दुमडते. ती चालवेल असा एकच हात आता आपल्या घरात उरलाय. तो तिथे राहून विसरला की नाही, ते मला बघायचंय. पत्रातून कळवू नकोस. पत्रात हात दिसत नाही.

खुर्ची पुसून ठेवलीय. यावेळी तीत मी बसेन.

मान वाकवून बसलेली,
तुझी डावखुरी आजी