नुसत्या झाकणाचे खिसे

१२ फेब्रुवारी

चि. भाऊ यास,
ताईचे अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस. फोन मी काढूनच ठेवलाय. अनोळखी माणसं फोन करतात आणि शिव्या घालतात. एक बाई तर नुसती रडली आणि तिने फोन ठेवला. शिव्यांचं फारसं वाटत नाही, पण त्या बाईचं रडणं डोक्यातून जात नाही. तुला वाचायचा कंटाळा, तरी हे शेवटपर्यंत वाच.

माझ्या मुनीचा खटला आता उभा राहतोय. लहानपणी वर्षभर बोलला नाही म्हणून आपण त्याला मुनी म्हणायला लागलो. आता वर्तमानपत्रं त्याला नराधम म्हणतात. वकीलबाई समजूतदार आहेत. त्यांचं म्हणणं, त्याने त्या मुलीला मारलं हे कुणी नाकारतच नाही. कॉलेजच्या दारात, भरदिवसा, सगळ्यांच्या देखत मारलं, तेही माझ्या दुकानातल्या कात्रीने. प्रश्न एवढाच, की आपण काय करतोय हे त्याला त्या वेळी समजत होतं का. समजत नव्हतं असं ठरलं तर त्याला इस्पितळात ठेवतील. नाहीतर फाशीही होऊ शकते. पकडल्यानंतर तपासणारे डॉक्टर त्याला आजारी म्हणतात, तर सरकारी वकील म्हणतात सोंग आहे. म्हणून तो आधीपासून आजारी होता, हे त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाने कोर्टात सांगायला हवं. त्याच्याबरोबर राहणारी मी एकटीच.

हे आपल्या दोन घरांबाहेर कुणालाच माहीत नाही. कॉलेज सोडल्यापासून त्याला वाटायचं, की लोक आपल्या खिशात काहीबाही टाकतात आणि आपल्या डोक्यातलं काढून नेतात. मी त्याचे खिसे शिवून बंद केले. पण शिवलेला खिसा दिसतो, लोक विचारतात. मग नवे शर्ट शिवताना नुसतं झाकण लावायला लागले. वर पट्टी, बटण, काजं, दुहेरी टीप, आणि आत काहीच नाही. इतकं सफाईचं काम मी कुठल्या गिऱ्हाइकाचंही केलं नसेल. त्याला बोलायलाही मीच शिकवलं. गिऱ्हाईक आलं की बसा म्हणायचं, हवेबद्दल एखादं वाक्य बोलायचं आणि इस्त्रीकडे वळायचं.

आणि ती मुलगी. मी तिला खिसेवाली म्हणायचे. बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात म्हणून ती माझ्याशी भांडायची. शेवटचा ड्रेस टाकताना म्हणाली, की मनगटापर्यंत हात गेला पाहिजे एवढे खोल खिसे करा. मी केले. मुनी त्याला इस्त्री करत होता. त्याने खिशात हात घालून पाहिला आणि म्हणाला, की ती सगळं कशात भरून नेते ते आता कळलं. मी म्हटलं, शहाणपणा पुरे, इस्त्री कर. त्याच आठवड्यात ते झालं. ड्रेस अजून दुकानात टांगलेला आहे.

हे सांगितलं तर मुनी वाचेल. पण तिची आई रोज कोर्टात बसणार आहे. मला सगळं ठाऊक होतं हे तिला माझ्याच तोंडून ऐकावं लागेल. डॉक्टरकडे नेऊ का, असं मी मागे विचारलं होतं, तेव्हा घरातली गोष्ट घरात राहू दे म्हणालास. तुला दोष देत नाही, मलाही तेच ऐकायचं होतं. आता काय करू ते कळव.

चिमणीला आणि तिच्या आईला आशीर्वाद. माझ्यावरची माया उणी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून कापडावर खडूने खुणा केल्यासारखंच आहे. कुठे कापायचं आणि कुठे जोडायचं ते कळायला दोनदा वाचावं लागलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसत होतो, हे तेवढं कुणाला सांगू नकोस.

इथे सलूनमध्ये दुसरा विषयच नाही. गालाला साबण लागला की जो तो न्यायाधीश होतो. एक म्हणतो, हल्ली सोपं झालंय, खून करा आणि वेड पांघरा. बँकेतला एक कारकून येतो, तो म्हणाला, की आजारी माणसाला फाशी देऊन आजार थोडाच घाबरणार आहे. तर बाकीच्यांनी त्याला असा झोडपला, की बिचारा केस अर्धवट कापलेले असताना गप्प बसला. आणि ते निवृत्त मास्तर, माझे जुने गिऱ्हाईक. म्हणाले, की पोरगा वेडा होता तर घरचे काय झोपले होते, आधी त्यांनाच आत टाका. त्या वेळी माझा वस्तरा त्यांच्या हनुवटीखाली होता. मी म्हटलं, मान जरा वर घ्या.

आपली आडनावं वेगळी, म्हणून तो माझा भाचा आहे हे इथे कुणाला माहीत नाही. आता खरं सांगतो. चिमणीचं लग्न ठरलंय. मुलगा चांगला आहे, पण त्याची आई आपल्या पाण्याच्या पेल्याचीसुद्धा तपासणी करते. घरात असला आजार आहे आणि आपण लपवला, हे तू भर कोर्टात बोललीस की वर्तमानपत्रात छापून येणार. मग हे लग्न काय, पुढचंही कठीण. तुला गप्प बस म्हणताना माझी जीभ जड होते, पण म्हणतोय. डॉक्टर आहेत, वकीलबाई आहेत, त्यांना त्यांचं काम करू दे.

मुनीला भेटलीस तर मामाने विचारलंय म्हणून सांग. त्याचे केस मीच कापायचो. कान धरला की हसायचा.

रागावलीस तरी चालेल, पण परकं समजू नकोस.

तुझा,
भाऊ


३ मार्च

चि. भाऊ यास,
अ. उ. आ.

खटला सुरू झाला. पहिल्या दिवसापासून मी मागच्या बाकावर बसते. साक्षी ऐकल्या आणि आपण किती यशस्वी झालो ते कळलं. समोरचा किराणावाला म्हणाला, मुलगा शांत, नम्र, नेहमी बसा म्हणणारा. खालच्या मजल्यावरची शिक्षिका म्हणाली, हवेबद्दल बोलायचा, कधी वावगा शब्द नाही. कापड पोचवणारा म्हणाला, टापटिपीचा, शर्टाचं बटणसुद्धा कधी उघडं नसायचं. मीच शिकवलेली वाक्यं एकेक जण मला परत म्हणून दाखवत होता. शेवटी सरकारी वकिलांनी विचारलं, की असा व्यवस्थित मुलगा नेमका त्याच दुपारपुरता वेडा कसा झाला. लोक हसले. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर हसलेच असते.

मुनीला भेटले. कैद्यांच्या सदऱ्याला खराखुरा खिसा असतो. तो सबंध वेळ तो खिसा मुठीत आवळून बसतो. पहारेकऱ्यांना वाटतं काही लपवतोय, म्हणून ते त्यात हात घालून झडती घेतात. मग तो आणखी घाबरतो आणि आणखी आवळतो. मला म्हणाला, आई, तुझा एखादा शर्ट आणून दे. बाहेरचे कपडे चालत नाहीत म्हणाले. मामाने विचारलंय असं सांगितलं, तर त्याने हात नेऊन स्वतःचा कान चाचपला.

वकीलबाईंनी विचार करायला सोमवारपर्यंत वेळ दिला आहे. काळजी करू नकोस, मी नाही म्हणणार आहे. चिमणीला मी लहानपणापासून फ्रॉक शिवले, आता तिच्या लग्नाचे कपडे शिवताना माझे हात कापायला नकोत. एक पोर गेली, माझा मुलगा जवळजवळ गेलाच, निदान तिसऱ्या लेकराचं तरी धड होऊ दे.

जास्त लिहवत नाही. आठवण ठेव.

ताई


६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा तुझं पत्र स्वयंपाकघरात आईला वाचून दाखवत होते. कान चाचपल्याचं वाचताना त्यांनी पत्र खाली ठेवलं आणि पुढचं मीच वाचलं. माझ्या नावाने काय ठरवलंय ते मला असं कळलं. मोठी माणसं फारच छान ठरवता हं तुम्ही.

काल मी होणाऱ्या नवऱ्याला भेटून सगळं सांगितलं. मुनीदादा माझा सख्खा आतेभाऊ आहे, तो आजारी होता आणि आपण ते झाकलं, इथपर्यंत. त्याने ऐकून घेतलं. मग घरी विचारून सांगतो म्हणाला. काय सांगेल ते मला माहीत नाही. मला भीती वाटतेय, तुला खोटं कशाला सांगू. पण दादाने मला सायकल शिकवली. मी पडेन म्हणून सबंध मैदानभर मागून धावायचा. त्याला लपवून लग्न केलं, तर मला जन्मभर त्याला लपवतच बसावं लागेल. तुझ्याकडे बघून कळतं, त्यात माणसाचं काय होतं.

आत्या, तू बोल. सोमवारच्या आत पोचावं म्हणून शाळा भरायच्या आधी हे टाकतेय. माझी वर्गातली पिल्लं वाट बघत असतील.

माझ्यावर रुसू नकोस, प्रेम कर.

तुझीच,
चिमणी


२२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्याकडे दोन दिवस राहूनही तोंडाने धड काही बोललो नाही, म्हणून लिहितोय. साक्ष देताना तुझी पाठ माझ्याकडे होती. त्यामुळे मला जे दिसलं ते तुला दिसलं नाही.

तू तो शर्ट पुढे केलास. न्यायाधीशांनी बटण काढलं, झाकण उचललं आणि खिशाचं तोंड शोधायला लागले. ते सापडेना म्हणून त्यांनी चष्मा बदलला. सरकारी वकिलांनीही बोटं फिरवून पाहिली. त्या वेळी कुणी हसलं नाही. मग खिसेवालीची आई उठून उभी राहिली आणि मला बघता येईल का, असं तिने विचारलं. न्यायाधीश जरा अडखळले, पण हो म्हणाले. तिने आपण दुकानात कापड बघतो तसं उलटून पालटून बघितलं, झाकणाखाली दोन्ही बाजूंनी बोट घातलं आणि शर्ट घडी करून परत दिला. पुढे तू इस्त्रीच्या दिवसाचं सांगितलंस. शहाणपणा पुरे असं त्याला म्हणाल्याचंही गाळलं नाहीस. तेव्हा ती तुझ्या पाठीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

परत आल्यावर सलून उघडलं. मास्तर खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र उघडून त्या आईला, म्हणजे तुला, नावं ठेवायला लागले. मी वस्तरा खाली ठेवला आणि म्हटलं, तो माझा भाचा आहे, ती माझी बहीण आहे, आणि झोपलेल्या घरच्यांमध्ये मीही आहे. मास्तर अर्ध्या दाढीनिशी उठून गेले, गळ्यात माझा टॉवेल घेऊन. टॉवेल अजून आलेला नाही. कारकून मात्र केस वाढलेले नसतानाही येऊन बसतो.

चिमणीच्या सासरहून, म्हणजे होणाऱ्या सासरहून, निरोप आला. लग्न सध्या पुढे ढकलू म्हणतात. पुढे ढकलू म्हणजे काय, ते मला कळतं. ती दोन दिवस रडली आणि मग शाळेत गेली. तुला हे कळवू नका म्हणत होती, पण आपण आता लपवायचं सोडलंय ना.

ताई, तेव्हा तू विचारलंस आणि मी हो म्हणालो असतो तर काय झालं असतं, हा हिशेब मी रोज करतो. उत्तर काही बदलत नाही.

पाठीशी आहे, उशिरा का होईना. लोभ सोडू नकोस.

तुझा,
भाऊ


१८ एप्रिल

चि. भाऊ यास,
अ. उ. आ.

निकाल तू वाचलाच असशील. त्याला इस्पितळात ठेवलंय. किती वर्षं, ते डॉक्टर ठरवतील. दुकानाच्या शटरवर कुणीतरी रंगाने खुनी लिहून गेलंय. मी पुसत होते, तर खालच्या मजल्यावरची शिक्षिका बादली घेऊन आली. दोघींनी मिळून ते पुसून काढलं.

इस्पितळाचे नियम आले. कपड्यांना नाडी नको, बटण नको, खिसा नको. वाचून मी मशीनवर डोकं टेकून बसले. त्याला बिनखिशाचे सदरे आता उघडपणे शिवले, झाकणाशिवाय. काल घालायला दिले. त्याने छातीवरून हात फिरवला आणि मूठ सोडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सोडली. त्याला आता औषधाने थोडं थोडं कळायला लागलंय, असं डॉक्टर म्हणतात. काय केलं ते पुरतं कळेल तेव्हा मी जवळ असावं, एवढंच मागते.

आज सकाळी खिसेवालीची आई दुकानात आली. मला वाटलं मारायला आली. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. तिने ड्रेस मागितला. मी कागदात बांधायला लागले, तर नको म्हणाली. तिने दोन्ही खिशांत मनगटापर्यंत हात घातले आणि तशीच उभी राहिली. मी बाकावर बसा म्हणाले, ती बसली नाही. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर तिने मान हलवून थांबवलं.

मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, की कोर्टात ऐकल्यापासून मी एकच विचार करतेय. मुलगा आजारी आहे, असं तुम्ही एकदा सहज म्हणाला असतात, तर मी काही गावभर ओरडले नसते. मुलीला एवढंच सांगितलं असतं, की थोडे दिवस दुसऱ्या शिंप्याकडे जा. तुमचं एक गिऱ्हाईक कमी झालं असतं.

ड्रेस हातावर घेऊन ती गेली. मी दारात उभी राहून ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. भाऊ, तिचं बरोबर आहे. एक गिऱ्हाईक कमी झालं असतं, बाकी काही नाही.

चिमणीला पाठव माझ्याकडे थोडे दिवस. माणसांची माया लागते रे.

तुझी,
ताई