खाऱ्या पाण्याची टाकी कुणाच्या हाती द्यावी

मी, कापड रंगवण्याच्या कारखान्याची मालकीण. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाविना, आणि खरं सांगायचं तर आनंदाने नाचायचीच काय ती बाकी असताना हे मृत्युपत्र करते. आधीचं रद्द समजावं; ते मी रागाच्या भरात केलं होतं.

१. राहतं घर मुलाला. कारखान्याचा वास त्याला सोसत नाही, तर घर तरी सांभाळू दे. छप्पर गळतं, हे त्याने आत्ताच ऐकून ठेवावं.

२. भट्टी, काचेची भांडी आणि उत्प्रेरकाच्या सगळ्या गोळ्या सुनेला. त्या तिनेच घडवल्या आहेत. अहो, जमलं हो पोरीला! रंग कापडावर बसावा म्हणून आम्ही मीठ ओततो, त्यामुळे सांडपाणी खारट. त्यात ऑक्सिडीकरणाचं औषध घातलं की ते रंगाला सोडून मिठाशीच भिडायचं. त्यातून क्लोरीन व्हायचा, पाणी नितळ दिसायचं आणि आत नवंच विष तयार! सुनेची गोळी मिठाकडे ढुंकूनही बघत नाही. घाण अंगाशी ओढते आणि तिथेच तिचे तुकडे पाडते. आज सकाळी प्रयोगशाळेचा अहवाल आला: विष नाही! आम्ही दोघी ऑफिसात लहान मुलींसारख्या ओरडलो.

३. सल्लागारसाहेबांना मिठाची एक गोणी. त्यांनी आपलं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र आम्हाला नळाच्या गोड्या पाण्यावर चालवून दाखवलं होतं. पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाताना गोणी सोबत न्यावी.

४. कारखाना अर्धा सुनेला, अर्धा धाकट्या दिरांना. सासूबाईंना तसा शब्द दिला होता, तो मोडणार नाही. पण माझा जीव अडकलाय तो इथेच. "वहिनी, पाणी काचेसारखं झालंय, सोडा की खाडीत!" असं भाऊजी वर्षानुवर्षं म्हणत आले, आणि मी दरवेळी झडपेसमोर उभी राहून भांडले. त्या खाडीत माणसं मासे धरतात हो! मी नसले की खर्चाचं कारण काढून ते खारं सांडपाणी शुद्ध करायची टाकी बंद करतील, अशी मला धास्ती आहे. भाऊजी, हात जोडते, तसं करू नका.

५. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला यातलं काही मिळू नये, असं कलम वकिलांनी घालायला लावलं आहे. कुणाचाही वाटा कोणत्याही कारणाने रद्द झाला, तर तो सुनेकडे जावा.

साक्षीसाठी डॉक्टरीणबाई आणि शेजारचे शिंपी यांना बोलावलं आहे.

पुरवणी: शिंपी आलेच नाहीत, भाऊजी आले. वरचं सगळं उभ्या उभ्या वाचलं आणि पेन मागितलं.

वकील म्हणाले, "अहो, थांबा! साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीत तर तुमचा अर्धा कारखाना गेला."

"कळलं मला," भाऊजी म्हणाले. "आईला दिलेला शब्द वहिनींनी पाळला, झालं. पोरीला पाण्यातलं विष ओळखता येतं. मला नुसतं पाणी बघता येतं. वहिनी, सही कुठे करू?"

मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. मी जागा दाखवली.

ठिकाण: कारखान्याचं ऑफिस
दिनांक: अहवाल आला तोच दिवस
सही: मालकीण
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई
२. धाकटे दीर