पाटीवर काय लिहिलं?

मु. पो. रोहिणखेड, ता. मोताळा
सोमवार, २५ ऑगस्ट

चिरंजीव संघपाल यास गुलाबमामाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तिकडची थंडी, तुझं पोट आणि तुझ्या त्या चौदा नंबरच्या रेसरचं मोडलेलं खांद्याजवळचं हाड, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. म्हणजे तुझ्या मामीचे गुडघे सोडून, माझे कान सोडून आणि तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते सोडून. (दचकू नकोस. मोतीबिंदू होता, बुलढाण्याला जाऊन काढून आणला, सगळं नीट झालं. तुला कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली होती. ती मी पाळली आहे, कारण मी सांगत नाही, फक्त लिहितो आहे.)

मोबाइल असताना मामा पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. तर बाबा, एसटीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. मी फोनवर तुला गुपित सांगितलं तर तीन घरं पलीकडे तुझ्या आईला भाकरी थापता थापता ऐकू जातं. आणि मला जे सांगायचं आहे ते तिनं ऐकलं तर या वयात मला घर सोडून तुझ्याकडे बेल्जियमला राहायला यावं लागेल.

तू फेब्रुवारीत गेलास तेव्हाची गोष्ट आठव. हातात सरकारी नोकरीची ऑर्डर आलेली, आणि तू आईला सांगितलंस की पुण्याला चाललो. पुण्याला गेलासही, पण तिथून विमानात बसलास आणि परदेशातल्या मोटारसायकलच्या रेसिंग टीमचा मेकॅनिक झालास. हे खरं काय ते एकट्या मामाला माहीत होतं. तेव्हापासून तुझी आई, माझी बेबीताई, तुझ्याशी बोलत नाही हे तुला ठाऊक आहे, कारण दर वेळी तू फोन केलास की ती तो मामीच्या हातात देऊन चुलीकडे जाते. माझ्याशीही ती मार्चपर्यंत बोलत नव्हती. पाना धरायला तुला मीच शिकवलं, तेव्हा मूळ गुन्हेगार मीच, असा तिचा निकाल होता. (तो बरोबरही आहे.)

मार्चच्या पहिल्या रेसला सारिकानं तिच्या मोबाइलवरून वामनरावांच्या टीव्हीवर ते सगळं लावून दिलं. (ही तुझी वहिनी आमच्या घरात सून म्हणून आली आणि आता घर तीच चालवते.) वामनरावांकडेच का, तर टीव्ही मोठा, ओसरी मोठी आणि शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, या पंचक्रोशीत त्यांच्याएवढा जाणकार नाही. आम्हाला वाटलं, शर्यत ती शर्यत, समजावून सांगायला माणूस हवा. पण चाळीस गाड्या एकदम सुटलेल्या बघून ते जे चिडले ते अजून शांत झालेले नाहीत. त्यांच्या मते पटात कसं, जोडी सुटते, घड्याळ बोलतं, कुणाचं कुणावर देणंघेणं नाही. इथं सगळे एका वळणात घुसतात, एकमेकांच्या अंगावर चिखल उडवतात, आणि हरलेल्याला त्याच दिवशी संध्याकाळी दुसरी रेस मिळते, वर दोन्हींचे गुण मिळवतात. तीस वर्षांत त्यांनी हरलेल्या जोडीला पुन्हा पळू दिलेलं नाही. तरी एकही रविवार चुकवला नाही हे मात्र सांगायला हवं.

तुझ्या टीमच्या त्या लाटवियाच्या पोराचं नाव आमच्यापैकी कुणालाच म्हणता येत नाही. पण त्याच्या गाडीवर चौदा नंबर दिसला आणि आपल्या वस्तीत पुढची चर्चाच संपली. चौदा एप्रिलचा आकडा घेऊन पोरगा साऱ्या जगात फिरतो म्हटल्यावर तो आपलाच. जयंतीच्या दिवशी सारिकानं त्याचा फोटो छापून समाजमंदिरात सूचनाफलकावर लावला, तो अजून आहे.

आता मुद्द्यावर येतो. त्या पहिल्या रविवारी तुझी आईसुद्धा आली होती. बघायला नाही. वामनरावांच्या घरी तुरीची डाळ निवडून द्यायची होती म्हणे. (वामनरावांच्या घरात तीन सुना आहेत. डाळ निवडायला बाहेरचं माणूस लागत नाही.) टीव्हीकडे पाठ करून ओट्यावर बसली. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीला तू दिसलास. पिवळा रेनकोट, डोक्यावर टोपी आणि हातात ती रेसरला निरोप लिहून दाखवायची पाटी, येणाऱ्या गाडीपुढे धरलेली. दोन सेकंद. पाटीमुळे बाकी काहीच दिसत नव्हतं, पण टोपीवरून आणि कोपरावरून आम्ही ओळखलं आणि "संघपाल! पाटीवर लिहून दाखवतोय!" अशी सगळी ओसरी ओरडली. ओरडणं थांबल्यावर तुझ्या आईनं मान न वळवता विचारलं, "काय लिव्हलं त्यानं?"

महिनाभरात तिनं माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. पाटीवर इंग्रजीत अकरावा नंबर आणि पुढच्या गाडीपासून किती सेकंद मागे, एवढंच होतं. ते सांगितलं असतं तर ती पुन्हा गप्प झाली असती. माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "आई, मी जेवलो, असं लिहिलंय."

तुझ्या आईनं डाळीतला एक खडा काढला, लांब फेकला आणि विचारलं, "काय जेवला म्हना?"

बाबा रे, तुमची रेस अर्धा तास आणि वर दोन फेऱ्या चालते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दर दोन मिनिटांनी तू पाटी घेऊन हजर. वरण-भात सांगून झाला, भाकरी सांगून झाली, नवव्या फेरीला मी तुला मेथीची भाजी खाऊ घातली, आणि मग सुचेना. सारिका मागून कानात पदार्थ सांगायला लागली. शेवटच्या फेरीला तिनं पुरणपोळी सांगितली, ती मी घाबरून तशीच वाचली. बेबीताईनं मान हलवली. परदेशात सणवार नसताना पुरण शिजवणारं कोण भेटलं याला, ही शंका तिच्या डोक्यात पुढचा महिनाभर होती. (तू घाबरू नयेस म्हणून सांगतो, तिला काहीच सापडलेलं नाही. सापडण्यासारखं काही असेल तर ते आधी मला कळव.)

तेव्हापासून प्रत्येक रविवारी हेच चाललं आहे. इटली झालं, फ्रान्स झालं, तुझी आई कधी डाळ, कधी शेंगा, कधी नुसता पदर घेऊन येते, पाठ करून बसते आणि प्रत्येक फेरीला विचारते. मी वाचतो. सर्दी बरी झाली, गरम कपडे घेतले, पायात मोजे घालतो, असं सगळं तू जगाच्या समोर पाटीवर लिहून दाखवत असतोस. आता अख्खी ओसरी या पापात सामील आहे, एकटे वामनराव सोडून. पटात त्यांच्या हाती घड्याळ असतं आणि त्यांनी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचंही कधी खोटं सांगितलेलं नाही. त्यामुळे तू दिसलास की ते बैलांना पाणी दाखवायला म्हणून उठून जातात आणि माझं वाचन झालं की परत येतात. या मोसमात त्यांनी एकही रेस सलग पाहिलेली नाही, आणि बैल पाण्याची बादली बघून तोंड फिरवतात.

मे महिन्यात जवसाच्या चटणीचं पार्सल आलं होतं ना? ते तुझ्यासाठी नव्हतं. बांधताना तिनं मला बजावून सांगितलं होतं की हे त्या चौदा नंबरच्या पोरासाठी आहे, तो फोटोत लई वाळलेला दिसते. (अर्धा किलो चटणी, वर तुझ्या आवडीचा लसूण जास्त घातलेला. त्या पोराला लसूण आवडतो हे तिला कुणी कळवलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.) त्यानं ती पावाला लावून खाल्ली, तीन बाटल्या पाणी प्यायला आणि रविवारी तिसरा आला, असं तू फोनवर सांगितलंस. इथं त्याचं कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. वामनरावांनी तर दुसऱ्या दिवसापासून बैलांच्या पेंडीत जवस वाढवलं.

आणि मग जूनमधली ती चिखलाची रेस. चौदा नंबर उडीवरून खाली आला तो गाडीसकट उलटा झाला, आणि उठेना. तू पाटी टाकून पळालास. तुझी आई वळली. मोसमात पहिल्यांदा तिनं टीव्हीकडे तोंड केलं. तिला नीट दिसत नव्हतं रे, मोतीबिंदूमुळे सगळं धुरकट, पण चिखलातून धावणारा पिवळा रेनकोट तेवढा तिला दिसला. त्या पोराला उचलून नेईपर्यंत ती उभीच होती. मग एवढंच म्हणाली, "त्याच्या मायले कोनी सांगतलं का?" आणि घरी गेली.

दोन वर्षं मी, मामी आणि सारिका तिला डोळा दाखव म्हणून विनवत होतो. त्या रेसनंतरच्या आठवड्यात ती स्वतः पिशवी भरून आली आणि म्हणाली, चल बुलढाण्याला. का, ते मी लिहायला नको. तुला कळतं. संघपाल, मी हसतखेळत लिहितो आहे खरा, पण ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलो होतो तेव्हा मला तुझी फार आठवण आली. तू असायला हवा होतास. आणि तू नव्हतास याला मीही कारण आहे, हे मला त्या बाकावर नीटच समजलं.

आता डोळ्यावरची हिरवी पट्टी केव्हाच निघाली आहे आणि चष्मा पुढच्या पंधरवड्यात येतो आहे. काल रेस संपल्यावर तिनं सगळ्यांच्या देखत जाहीर केलं की सप्टेंबरची शेवटची रेस ती समोर बसून बघणार आणि पाटी स्वतः वाचणार. सारिकाच्या हातातला रिमोट पडला. वामनराव एकटेच समाधानानं हसले. सहा महिने मी बांधलेली ही इमारत दोन सेकंदांत खाली येणार आहे. मला माझी भीती नाही, मी तिचा मार लहानपणापासून खाल्लेला आहे. पण तू एकदाही तिला काही लिहिलेलं नव्हतंस, हे तिला त्या दिवशी कळेल, आणि मग ती तुझ्याशी फोनवर कधी बोलेल असं मला वाटत नाही.

असो. बाकी विशेष काही नाही. चौदा नंबरला वस्तीचा जयभीम सांग. तो पहिल्या दहात आला तर समाजमंदिरात बुंदी वाटायची असं ठरलं आहे, न आला तरी वाटायची असं सारिकानं ठरवलं आहे. मामी आशीर्वाद सांगते. वेळेवर जेवत जा, म्हणजे माझं थोडं तरी खरं होईल.

तुझाच,
गुलाबमामा

ता. क. १ : पत्र लिहायचं खरं कारण वर राहूनच गेलं. शेवटच्या रेसला एका फेरीत, फक्त एका, पाटीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिही, "आई, मी जेवलो." जागा नसेल तर नुसतं "आई" लिही. चौदा नंबरला आधी समजावून ठेव, नाहीतर हा कोणता हुकूम म्हणून तो गाडी थांबवेल.

ता. क. २ : तू दिलेल्या पत्त्यात पिन कोडचे चारच आकडे आहेत. घाईत दोन राहिले असतील म्हणून मी मनानंच पुढे दोन शून्यं टाकली आहेत. इंग्रजी पत्ता पाकिटावर घालायला पत्र सारिकाकडे देतो. पोरगी विश्वासाची आहे.

ता. क. ३ : संघपाल, हे मी लिहून राह्यली, तुही आई. सारिका पाकीट घेऊन माह्याकडेच आली. मामाचे शून्य तिनं काढून टाकले, तिकडं चारच आकडे असते म्हने.

मले पयल्याच दिवशी मालूम होतं. तुहा मामा खोटं बोलला का डावा कान धरते, लहानपनापासून. मी पाठ करून बसली तरी वामनरावच्या कपाटाच्या काचात मले त्याचा हात दिसे, धुरकट का होईना. अन् मोटारसायकलवाल्या पोराले कोनी पुरनपोळी लिहून दाखवते काय? पन आयकाले बरं वाटे, म्हून मी इचारत होती. त्याले सांगू नोको, त्याचा रविवार चांगला जाते.

पाटीवर माह्यासाठी काही लिहू नोको. त्या पोराचं ध्यान चुकलं न तो पडला, तं त्याच्या मायले तू काय सांगशीन? त्याचं त्याले लिव्ह.

मी अजून रागातच आहो. फोन करजो, उचलीन.

न शेवटच्या रेसले पाटी जराशी खाली धरजो. तुह्यं तोंड दिसत नाई.