पार्सलचा काटा

आई,

दुधाच्या पावडरचा डबा फोडू नका, परत करायचाय. आज दवाखान्यात नर्सताईंनी बाळाला एकटीला तोललं. पोरगी चांगली भरलीय. तुमचे चिरंजीव मला तिच्यासकट दुकानातल्या पार्सलच्या काट्यावर उभं करायचे, आकडा हलायचा नाही, आणि तुम्ही सगळे माझ्या दुधाला नावं ठेवायचात. ती वाढत होती तेवढीच मी उतरत होते. अंगावर पाजताना असं होतं म्हणे. "तुझ्या मांड्या हिच्या गालांवर गेल्या," नर्सताई म्हणाल्या. मी तिथेच बसून पोटभर हसले. इतके दिवस मात्र न्हाणीघरात रडले, ते कुणी विचारलंत का?

असो. मी आत झोपलेय. ती रडली तर खुशाल उठवा. दूध आहे.